बाळं आणणारा पक्षी आणि त्याचा कथाकार

नवजात बाळाला तपासताना त्याची मान जरा उचलून पाहिली, तर केसांच्या रेषेजवळ पुष्कळदा एक फिकट लाल चट्टा दिसतो. तसाच चट्टा कधी पापण्यांवर, कधी दोन भुवयांच्या मध्ये असतो. बाळ रडलं की तो गडद होतो. आजीला ग्रहण आठवतं, आई घाबरते. प्रत्यक्षात त्वचेतल्या केशवाहिन्या थोड्या रुंदावलेल्या असतात, इतकंच. चेहऱ्यावरचे चट्टे साधारण वर्ष-दोन वर्षांत पुसट होतात; मानेवरचा काहींना जन्मभर राहतो आणि केसांखाली झाकला जातो. त्याला औषध लागत नाही. पाश्चात्त्य देशांतले डॉक्टर मानेवरच्या या खुणेला आजही ‘करकोच्याचा चावा’ म्हणतात. कारण तिकडच्या जुन्या समजुतीनुसार बाळ करकोचा आणून देतो, आणि आणताना तो त्याला चोचीत धरतो!

ही समजूत मूळची जर्मनी, डेन्मार्क, हॉलंड या उत्तर युरोपातल्या देशांची. ती जगभर पोहोचवण्यात एका माणसाचा फार मोठा वाटा आहे. त्याचं नाव हान्स क्रिश्चन अँडरसन. बदकांमध्ये वाढलेल्या राजहंसाच्या पिल्लाची त्यांची गोष्ट आपल्याकडे गदिमांच्या गाण्यामुळे घरोघर पोहोचली. पण अँडरसन यांच्या गोष्टींत राजहंसाइतकाच करकोचाही पुन्हा पुन्हा येतो. बाळं कुठून येतात, ती कधी कधी मेलेलीच का जन्मतात, आणि त्याचा दोष कुणाचा, हे प्रश्नही त्याच्याबरोबर येतात. आज त्यांची ओळख या वाटेने करून घेऊ.

चपला शिवणाऱ्याचा मुलगा

डेन्मार्कच्या फ्यून बेटावर ओडेन्स नावाचं गाव आहे. तिथे २ एप्रिल १८०५ रोजी हान्सचा जन्म झाला. वडील चांभारकाम करत. आई ॲन मारी लोकांचे कपडे धुई. आईवडिलांचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. आईला त्याआधी, १७९९ मध्ये, लग्नाशिवाय एक मुलगी झालेली होती. आईच्या आईला तर अशा तीन मुली होत्या आणि त्या गुन्ह्यासाठी तिने तुरुंगवास भोगला होता. चांगल्या घरांत मुलांना सांगितलं जायचं की धाकटं भावंड करकोच्याने आणलं. गरिबाघरची पोर लग्नाआधी बाळंत झाली, की तिच्या दारात मात्र शिपाई यायचा. हे दोन्ही एकाच गावात, एकाच काळात चालू होतं.

वडिलांना वाचनाची आवड होती. अरबी सुरस कथा आणि नाटकं ते मुलाला वाचून दाखवत. त्यांनी त्याला एक छोटं बाहुल्यांचं नाट्यगृह करून दिलं होतं. नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत ते पैशासाठी दुसऱ्याच्या बदली सैन्यात गेले, खचलेल्या शरीराने परतले आणि १८१६ मध्ये वारले. हान्स तेव्हा अकरा वर्षांचा होता. आजोबांच्या, म्हणजे वडिलांच्या वडिलांच्या, डोक्यावर परिणाम झालेला होता. ते लाकडातून चमत्कारिक प्राणी कोरत गावभर फिरत आणि पोरं त्यांच्यामागे हुर्यो करत धावत. आपणही असेच होऊ, ही भीती नातवाच्या मनात तेव्हा शिरली ती शेवटपर्यंत गेली नाही. आजी वेड्यांच्या इस्पितळाच्या बागेत काम करी. तिच्याबरोबर हान्स तिथे जाई आणि सूत कातत बसलेल्या गरीब म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐके. भुतं, चेटकिणी, दलदलीतले राक्षस, तळ्यातली बाळं आणि ती आणणारे करकोचे यांचा साठा त्याला अशा बायकांकडून मिळाला.

आईचं काम गुडघाभर थंड पाण्यात उभं राहून करायचं होतं. अंगात ऊब राहावी म्हणून ती दारूचा घोट घेई. पुढे घोटाचं व्यसन झालं. १८३३ मध्ये ओडेन्सच्या धर्मादाय आश्रयात ती वारली, तेव्हा मुलगा इटलीत होता. तिच्यासारख्या धोबिणीची गोष्ट त्यांनी नंतर लिहिली. गाव जिला कुचकामी म्हणतं, ती बाई कशासाठी पीत होती, हे त्या गोष्टीत आहे. व्यसन म्हणजे चारित्र्याचा दोष, असं मानणाऱ्या काळात एका लेखकाने त्यामागची थंडी, कष्ट आणि दारिद्र्य दाखवलं. व्यसनमुक्तीच्या कामात आज आम्ही जे सांगतो, त्याच्या हे फार जवळचं आहे.

आवाज गेला, शब्द राहिले

सप्टेंबर १८१९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हान्स एकटाच राजधानीला, कोपनहेगनला, गेला. त्याला नाटकात काम करायचं होतं. गोड आवाजावर भिस्त होती. सिबोनी नावाच्या इटालियन गायकाने त्याला शिकवायला घेतलं. पण वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि मुलाचा आवाज फुटतो. हान्सचाही फुटला आणि गाणं संपलं. नृत्य जमेना, अभिनय जमेना. अंगकाठीही विचित्र होती. खूप उंच, किडकिडीत, लांबलचक हातपाय आणि मोठं नाक. रंगमंचावर त्याला पाहून लोक हसत.

योनास कोलिन हे राजेशाही नाट्यगृहाचे एक संचालक. त्यांना या मुलात काहीतरी दिसलं. त्यांनी राजाकडून शिक्षणाचा खर्च मिळवून दिला आणि १८२२ मध्ये स्लागेल्से गावच्या शाळेत त्याला घातलं. सतरा वर्षांचा हा उंचाडा मुलगा बारा-तेरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसला. मुख्याध्यापक मायस्लिंग त्याचा सतत पाणउतारा करत. ही पाच वर्षं त्यांना म्हातारपणीही वाईट स्वप्नांत दिसत राहिली. शिक्षकाच्या जिभेचा घाव किती काळ टिकतो, याचं हे एक उदाहरण.

१८३५ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली आणि त्याच वर्षी मुलांसाठी गोष्टींची एक लहानशी पुस्तिका निघाली. पुढच्या सदतीस वर्षांत त्यांनी दीडशेहून अधिक गोष्टी लिहिल्या. ‘करकोचे’ ही गोष्ट १८३९ च्या पुस्तिकेत आली.

घराच्या छपरावरचा शेजारी

गोष्टीकडे जाण्याआधी पक्ष्याकडे पाहू. करकोचा हा शब्द आपण मराठीत सैलपणे वापरतो. क्रौंचालाही काही जण करकोचाच म्हणतात. इथे अभिप्रेत आहे तो पांढरा करकोचा, म्हणजे श्वेतबलाक. पांढरं अंग, पंखांच्या कडा काळ्या, लांब लाल चोच आणि लांब लाल पाय. उभा राहिला की साधारण मीटरभर उंच, पंख पसरले की दीड ते दोन मीटर. हिवाळ्यात हा पक्षी थोड्या संख्येने भारतातही उतरतो. आपल्या उजनीच्या फुगवट्यावर दिसणारे चित्रबलाक हे त्याचे भाऊबंद.

उथळ पाण्यात आणि ओल्या गवतात चालत चालत बेडूक, मासे, गांडुळं, किडे, उंदीर टिपणं हा त्याचा उद्योग. त्याचा गुडघा उलटा वाकतो असं वाटतं, पण तो गुडघा नव्हेच; तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. पायात जाणाऱ्या गरम रक्ताच्या वाहिन्या आणि परत येणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना लागून असतात, त्यामुळे उष्णता वाया न जाता शरीरात परतते. एक पाय पोटाशी घेऊन उभं राहण्यामागेही उष्णता वाचवणं हे एक कारण मानलं जातं. उलट उन्हाळ्यात तो स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतो. तिच्यातलं पाणी उडून जाताना पाय थंड होतात. मग लाल पाय चुना लावल्यासारखे पांढरे दिसतात.

त्याला गळा असून आवाज जवळजवळ नाही. पक्ष्यांच्या स्वरयंत्राला हलवणारे जे स्नायू असतात, ते याच्यात नीट विकसित झालेले नाहीत. म्हणून तो चोचीचे दोन भाग एकमेकांवर आपटून खटखटाट करतो. जोडीदार घरट्यावर परतला की मान पाठीपर्यंत मागे टाकून हा खटखटाट चालतो.

माणसाची त्याला भीती वाटत नाही. तो घराच्या छपरावर, धुराड्यावर काटक्यांचं मोठं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर परततो. डेन्मार्कमधले शेतकरी त्याच्यासाठी मुद्दाम छपरावर गाडीचं जुनं चाक आडवं बसवत. छपरावर करकोचा असणं शुभ मानलं जाई. जुने ग्रीक आणि रोमन लोक तर मानत की करकोच्याची पिल्लं म्हाताऱ्या आईबापांना सांभाळतात. हिब्रू भाषेतलं त्याचं नाव भक्ती आणि ममतेच्या शब्दावरून आलेलं आहे. निसर्गात याला आधार नाही. उलट अन्न कमी पडलं तर आईबाप कधी कधी सर्वांत अशक्त पिल्लू मारून घरट्याबाहेर टाकतात.

मग बाळाशी त्याचा संबंध कसा आला? एक उलगडा असा दिला जातो. उत्तर युरोपात करकोचे मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्याच सुमारास, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणांनंतर नऊ महिन्यांनी, घरोघर बाळंतपणं होत. दुसरं कारण पाण्याचं. बाळांचे जीव तळ्यात, विहिरीत, दलदलीत वाट पाहत असतात, अशी जुनी श्रद्धा होती आणि पाण्यातून काहीतरी उचलून छपरावर आणणारा पक्षी तर समोरच दिसत होता. आईने आठवडाभर अंथरुणात का पडायचं, याचंही उत्तर तयार होतं: करकोचा तिच्या पायाला चावला!

सहा वर्षांच्या मुलाला शिक्षा

अँडरसन यांच्या गोष्टीत गावातल्या शेवटच्या घरावर करकोच्याचं घरटं आहे. आई चार पिल्लांना घेऊन बसली आहे, बाप एका पायावर पहारेकऱ्यासारखा उभा आहे. खाली रस्त्यावर पोरं पिल्लांना फाशी देण्याची, भाजून खाण्याची गाणी म्हणत आहेत. पीटर नावाचा एकच मुलगा या खोडीत सामील होत नाही. पिल्लं घाबरतात आणि सूड घ्यायचा म्हणतात. आई त्यांना आधी उडायला शिकायला लावते. शरद ऋतूत इजिप्तला निघण्यापूर्वी ती सुडाचा मार्ग सांगते. जिथे माणसांची बाळं झोपलेली असतात, ते तळं तिला ठाऊक आहे. गाणं न म्हणणाऱ्या मुलांना करकोचे भावंडं नेऊन देतील. पण गाणं सुरू करणारा जो सर्वांत लहान, सहा वर्षांचा मुलगा, त्याच्या घरी ते तळ्यातलं मेलेलं बाळ नेतील, म्हणजे तो रडेल. पीटरला मात्र एक भाऊ आणि एक बहीण.

मुलांच्या गोष्टीत हा शेवट वाचताना आजच्या वाचकाला धक्का बसतो. पण त्या काळात डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या दर सात-आठ बाळांमागे एक बाळ वर्षाचं होण्याआधी मरत असे. प्रसूतीच्या वेळी हात धुतले तर बाळंतज्वर टळतो, हे व्हिएन्नातले डॉक्टर सेमेलवाइस यांनी दाखवलं ते १८४७ मध्ये, आणि ते पटायला आणखी कितीतरी वर्षं गेली. मेलेलं भावंड हा त्या पिढीच्या मुलांसाठी कल्पनेतला प्रसंग नव्हता. रोगाचं कारण ठाऊक नसलं की माणूस दोषी शोधतो. ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला दोषी ठरवते.

बाळंतपणाच्या वॉर्डात हा दोष आजही फिरत असतो. पोटातच बाळ दगावलेली आई पहिल्यांदा विचारते, माझं काय चुकलं? जड उचललं म्हणून का, उपवास मोडला म्हणून का, की कुणाचं मन दुखावलं म्हणून? सासरचं कुणीतरी दारात उभं राहून तेच हलक्या आवाजात बोलत असतं. खरी कारणं वेगळी असतात. वारेचं काम कमी पडणं, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, जंतुसंसर्ग, बाळातला जन्मजात दोष, नाळेचा अडथळा, लांबलेली प्रसूती. आणि पूर्ण तपासणी करूनही अनेकदा कारण सापडत नाही. करता येण्यासारखं ते एवढंच: लवकर नाव नोंदवावं, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन वेळच्या वेळी तपासावं, आणि शेवटच्या महिन्यांत बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

त्या घरातल्या मोठ्या मुलाकडे तर कुणाचं लक्षच नसतं. साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात मुलाला वाटतं की आपण मनात आणलेलं खरं होतं. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मुलांच्या या विचारपद्धतीचा बारकाईने अभ्यास केला. नवं बाळ नको, असं मनात आलेलं असतं आणि बाळ खरोखरच घरी येत नाही. मग ते मूल गप्प होतं, अंथरूण ओलं करतं, आईला चिकटून राहतं. त्याला जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगावं लागतं की बाळ आजारी होतं, डॉक्टरांनाही ते वाचवता आलं नाही, आणि तुझ्या बोलण्याने किंवा मनात येण्याने हे झालेलं नाही. बाळ देवाने नेलं किंवा ते झोपी गेलं, असं सांगितलं तर मूल झोपायलाच घाबरतं.

आठ वर्षांनी, १८४७ च्या अखेरीस, अँडरसन यांनी ‘एका आईची गोष्ट’ लिहिली. मृत्यू एका आईचं आजारी बाळ घेऊन जातो. ती त्याच्यामागे धावते. वाट विचारण्यासाठी सगळ्या अंगाया देऊन टाकते, काटेरी झुडपाला छातीशी धरून ऊब देते, तळ्याला स्वतःचे डोळे देते. शेवटी ती मृत्यूच्या काचघरात पोहोचते. तिथलं प्रत्येक रोपटं म्हणजे एक माणूस असतं. आंधळी झालेली ती आई रोपट्यांमधली धडधड ऐकत जाते आणि लाखोंमधून आपल्या बाळाचं हृदय ओळखते. या गोष्टीत बाळाच्या मरणाचा दोष कुणावरही नाही. त्यात आहे ते फक्त दुःख, आणि शेवटी ते स्वीकारणं. स्वतः अँडरसन यांना मूल नव्हतं. त्यांनी लग्नही केलं नाही. तरी मूल गेलेल्या घराचं दुःख त्यांना इतकं नेमकं कळलं होतं.

इजिप्तची वाट

करकोचे हिवाळ्यात इजिप्तला जातात, हे अँडरसन यांच्या सगळ्या गोष्टींत गृहीत आहे. बदकाच्या पिल्लाच्या गोष्टीतला करकोचा तर आईकडून शिकलेली इजिप्तची भाषाच बोलतो. पण पक्षी हिवाळ्यात जातात कुठे, हा तेव्हा शास्त्रातला मोठा प्रश्न होता. काही पक्षी, आणि त्यांत करकोचाही, थंडीत लपून सुस्त पडतात, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं. १८२२ मध्ये, म्हणजे अँडरसन शाळेत दाखल झाले त्याच वर्षी, समुद्रापलीकडे जर्मनीच्या मेक्लेनबुर्ग भागात एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेतून आरपार एक लांब बाण गेलेला होता आणि तो बाण मध्य आफ्रिकेतला होता. बाण घेऊन हा पक्षी हजारो किलोमीटर उडून आला होता. तो पेंढा भरलेला करकोचा रोस्टोक विद्यापीठात आजही जपून ठेवला आहे. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालून त्यांचा माग काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत पुढे एका डॅनिश शिक्षकानेच, मॉर्टेन्सन यांनी, १८९९ मध्ये सुरू केली.

आज कळतं की इजिप्त हा त्यांचा मुक्काम कमी आणि वाटेवरचा थांबा जास्त. बहुतेक करकोचे तिथून आणखी दक्षिणेला सुदान आणि पूर्व आफ्रिकेत, काही तर थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. एवढं जड शरीर पंख मारत नेणं परवडत नाही. म्हणून ते जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेवर स्वार होऊन घिरट्या घेत वर जातात आणि मग तरंगत पुढे सरकतात. समुद्रावर अशी हवा मिळत नाही. त्यामुळे भूमध्य समुद्र ओलांडण्याऐवजी काही थवे पश्चिमेला जिब्राल्टरवरून, तर काही पूर्वेला बॉस्फरसवरून वळसा घालतात. अँडरसन यांना प्रवासाची विलक्षण ओढ होती. १८४१ च्या वसंतात तेही कॉन्स्टँटिनोपलहून, याच बॉस्फरसच्या वाटेने, डॅन्यूब नदीमार्गे घरी परतले.

१८५८ मध्ये त्यांनी ‘दलदलीच्या राजाची मुलगी’ ही मोठी कथा लिहिली. उत्तर जटलंडमधली दलदल आणि नाईल नदीचा काठ या दोहोंना जोडतं ते एक करकोच्याचं कुटुंब. आजारी बापासाठी औषधी फूल शोधायला आलेली इजिप्तची राजकन्या दलदलीत ओढली जाते, तिचं बाळ कमळाच्या पानावर सापडतं आणि करकोचा ते उचलून एका निपुत्रिक स्त्रीच्या घरी नेऊन ठेवतो. इथे करकोचा कुणाला शिक्षा करत नाही. तो टाकून दिलेल्या बाळाला घर मिळवून देतो.

स्वतःच्या घरातल्या अशाच मुलीच्या बाबतीत मात्र अँडरसन यांना हे जमलं नाही. मोठी सावत्र बहीण कारेन मारी १८४२ मध्ये कोपनहेगनला त्यांच्या दारी आली. ती कधीतरी येईल आणि आपली अब्रू जाईल, या धास्तीत त्यांनी कितीतरी वर्षं काढली होती. त्यांनी तिला थोडे पैसे दिले. चार वर्षांनी ती गरिबीतच वारली. आत्मचरित्रात त्यांनी तिचा उल्लेख केला नाही. लग्नाबाहेरच्या जन्माची लाज तीन पिढ्या कशी टिकते, ते इथे दिसतं.

भित्रा, पण मूर्ख नव्हे

अँडरसन यांच्या भीतींची यादी लांबलचक आहे आणि लोक ती हसत हसत सांगतात. आगीत अडकलो तर खिडकीतून उतरता यावं, म्हणून ते प्रवासात दोरखंड बाळगत. कुत्र्यांना घाबरत. डुकराचं मांस टाळत. आपल्याला जिवंतपणीच पुरतील या भयाने, आपण मेलो नसून तसे दिसतो आहोत, अशी चिठ्ठी उशाशी ठेवत.

डॉक्टर म्हणून पाहिलं, तर यातल्या काही भीती निराधार नव्हत्या. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून ट्रिकिनेला नावाचा सूक्ष्म कृमी माणसाच्या स्नायूंत शिरतो आणि जीव घेऊ शकतो, हे जर्मनीत झेंकर यांनी १८६० मध्ये सिद्ध केलं. १८६५ मध्ये तिथल्या एका गावात या रोगाच्या साथीत शंभराच्या आसपास माणसं मेली. ही बातमी वाचून मांस टाळणाऱ्याला वेडा कसं म्हणायचं? जिवंत पुरण्याची भीतीही त्या काळी युरोपभर होती, कारण मृत्यू ओळखायची खात्रीची रीत नव्हती. छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके पूर्ण थांबल्याची खात्री करावी, हे फ्रेंच डॉक्टर बुशू यांनी मांडलं ते १८४० च्या दशकात. हृदयाचा आलेख काढण्याचं यंत्र विसाव्या शतकात आलं. अतिकाळजीच्या आजारात बहुधा असंच असतं: धोका खरा असतो, पण मन त्याला दिवसरात्र उशाशी घेऊन बसतं. आणि तरीही या भित्र्या माणसाने जन्मभर युरोप पालथा घातला. भीती गेल्यावर निघू, असं म्हणत ते घरी थांबले नाहीत.

दातांनी त्यांना फार छळलं. ६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्सने त्यांना सन्माननीय नागरिक केलं. ज्या गावातून ते मोलकरणीच्या पोरासारखे निघाले, ते गाव त्यांच्यासाठी दिव्यांनी उजळलं. त्या सगळ्या सोहळ्यात त्यांची दाढ ठणकत होती. १८७२ मध्ये छापलेल्या त्यांच्या शेवटच्या गोष्टींपैकी एक आहे ‘दातदुखी मावशी’.

१८७२ मध्ये ते पलंगावरून पडले आणि त्यानंतर प्रकृती कधी सुधारलीच नाही. पुढे यकृताच्या कर्करोगाचं निदान झालं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सुईने तुकडा काढून तपासणं नव्हतं. पोटाला हात लावून वाढलेलं यकृत चाचपायचं आणि लक्षणांवरून ठरवायचं. शेवटचे दिवस त्यांनी कोपनहेगनजवळ मेल्किओर या मित्रकुटुंबाच्या घरी काढले. श्रीमती मेल्किओर यांनी त्यांची शुश्रूषा केली. १८७५ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला एक खास पुस्तक भेट मिळालं. एकच गोष्ट पंधरा भाषांत छापलेली होती, आणि ती होती ‘एका आईची गोष्ट’. ४ ऑगस्ट १८७५ रोजी ते वारले. धोबिणीच्या मुलाच्या अंत्यविधीला डेन्मार्कचा राजा हजर होता.

आकड्यांची गंमत आणि रिकामी घरटी

करकोचा संख्याशास्त्रातही शिरला आहे. २००० साली रॉबर्ट मॅथ्यूज यांनी युरोपातल्या १७ देशांतल्या करकोच्यांच्या जोड्या आणि दरवर्षीच्या जन्मांची संख्या यांची तुलना केली. दोहोंत ठळक संबंध निघाला. तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता हजारात आठ इतकी कमी होती. म्हणजे करकोचे बाळं आणतात हे सिद्ध झालं? अर्थातच नाही. मोठ्या देशात जमीन जास्त, म्हणून करकोचे जास्त. माणसं जास्त, म्हणून बाळंही जास्त. दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या, म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी त्यांनी हा खटाटोप केला होता. अमुक काढा घेतला आणि आजार बरा झाला, असा संदेश मोबाइलवर आला की हे करकोचे आठवावेत.

अँडरसन यांच्या काळात डेन्मार्कच्या खेड्यांत करकोच्यांच्या हजारो जोड्या होत्या. त्यानंतर शेतीसाठी दलदली आटवल्या गेल्या, नद्या सरळ केल्या गेल्या, ओली कुरणं नांगराखाली गेली. बेडूक गेले, तसे करकोचेही गेले. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला असंही वर्ष आलं, की साऱ्या देशात एकही जोडी घरट्यावर नव्हती. अलीकडे पाणथळ जागा पुन्हा भिजवल्या जात आहेत आणि मोजक्या जोड्या परतल्या आहेत.

घरातलं लहान मूल बाळ कुठून आलं म्हणून विचारतं, तेव्हा आपण करकोच्याचं नाव घेत नाही. आपण म्हणतो दवाखान्यातून आणलं, नाहीतर देवबाप्पाने दिलं. चार-पाच वर्षांच्या मुलाला याहून जास्त सांगता येतं. बाळ आईच्या पोटात एका खास पिशवीत वाढतं, नऊ महिन्यांनी बाहेर येतं, आणि डॉक्टर किंवा नर्स त्यासाठी मदत करतात. तेवढ्याने त्याचं समाधान होतं, आणि पुढचा प्रश्न ते तुमच्याकडेच घेऊन येतं. करकोच्याची गोष्टही त्याला जरूर सांगा, पण गोष्ट म्हणून.